न घडलेल्या गोष्टीचा खटला : मायक्रोसॉफ्ट आणि मक्तेदारीचा कायदा

मागच्या व्याख्यानात आपण रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलपर्यंत आलो होतो. १८९० चा शर्मन कायदा, १९११ चा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि एका कंपनीच्या झालेल्या ३४ कंपन्या, एवढं आपण पाहिलं. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "तेलाचं समजलं हो, पण जी वस्तू फुकट देतात तिच्यात मक्तेदारीने कुणाचं काय बिघडतं?" प्रश्न फार चांगला आहे. आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

आमच्या तत्त्वज्ञान विभागात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पहिला संगणक आला. पडद्यावर एक निळा 'ई' होता. आम्ही सगळे त्यालाच इंटरनेट म्हणत असू. 'जरा इंटरनेट उघडा' याचा अर्थ त्या 'ई'वर दोनदा टिचकी मारा, एवढाच. ब्राउझर नावाची वस्तू वेगळी असते, ती एकाहून अधिक कंपन्या करतात, हे आमच्यातल्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं. आम्हाला कुणी फसवलं होतं का? नाही. त्या 'ई'चे जास्तीचे पैसे घेतले होते का? तेही नाही. तक्रार करावी असं काही समोर दिसतच नव्हतं. आणि नेमकं त्याच काळात, वॉशिंग्टनच्या एका न्यायालयात, त्या 'ई'वरून विसाव्या शतकातला एक मोठा खटला चालू होता.

म्हणजे समोर दिसतं ते ठीकच आहे, नुकसान आहे ते जे दिसत नाही त्यात. आता आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे इथे एक जुना शब्द आणल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. वैशेषिक परंपरेत 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे. त्याचे चार प्रकार सांगतात. त्यातले दोन आज आपल्या कामाचे. मडकं फुटल्यावर जो अभाव उरतो तो प्रध्वंसाभाव. मडकं घडण्याच्या आधी मातीत जो अभाव असतो तो प्रागभाव. आणि ज्याचा अभाव असतो त्या वस्तूला म्हणतात 'प्रतियोगी'. अभाव कळायचा तर प्रतियोगी आधी माहीत हवा. घट म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर 'इथे घट नाही' असं तुम्ही म्हणणार कसं? आणि गंमत बघा, आजच्या हिंदीत प्रतियोगी म्हणजे स्पर्धक. शब्दांचा हा योगायोग आहे खरा, पण मायक्रोसॉफ्टचा खटला समजून घ्यायला यापेक्षा चांगली किल्ली आम्हाला सापडलेली नाही. जो स्पर्धक अजून पुरता जन्मालाच आलेला नाही, त्याच्या न येण्याचा दोष कुणाला द्यायचा, आणि सिद्ध कसा करायचा?

आता इतिहासाकडे येऊ. १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. तो १३ वर्षं चालला आणि जानेवारी १९८२ मध्ये सरकारने तो मागे घेतला. पण मधल्या काळात, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम आयबीएमने स्वतः केली नाही. ती पुरवली १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी सुरू केलेल्या मायक्रोसॉफ्टने. त्यांनीही ती सिॲटलच्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेतली होती. खरा मुद्दा असा की, तीच सिस्टीम इतरांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखून ठेवला. आयबीएमसारखे संगणक पुढे शेकडो कंपन्या करू लागल्या, आणि त्या सगळ्यांच्या पोटात एमएस-डॉस आणि नंतर विंडोज गेली.

यात बेकायदा काही नाही. हे नीट लक्षात ठेवा. शर्मन कायदा मोठं होण्याला गुन्हा मानत नाही. चांगला माल, शहाणपण, नशीब यांमुळे कुणी मोठा झाला तर होवो. मोठेपण टिकवण्यासाठी दुसऱ्याची वाट अडवली तर मात्र कायदा मध्ये पडतो.

आणि सॉफ्टवेअरमध्ये मोठेपण आपोआप टिकतं. का ते पाहू. लोक ऑपरेटिंग सिस्टीम घेतात ती तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी. प्रोग्रॅम लिहिणारे लिहितात ते जिथे लोक आहेत त्या सिस्टीमसाठी. आधी कोंबडी की आधी अंडं? नव्याने येणाऱ्याकडे दोन्ही नसतात. न्यायालयाने पुढे याला प्रवेशातला अडथळा म्हटलं. आपल्याकडे नंतर आलेला एमएस-सीआयटी कोर्स आठवा. त्यातल्या एमएसचा अर्थ महाराष्ट्र स्टेट, पण आपल्या मुलांनी त्यात शिकलं काय? विंडोज, वर्ड आणि एक्सेल. शिकलेल्या मुलाला नोकरी देणाऱ्यानेही तेच घेतलं. यात कट कुणाचाच नव्हता. पाणी उताराकडे जातं तसं हे झालं.

पण मायक्रोसॉफ्ट उतारावर भरवसा ठेवून स्वस्थ बसली नाही. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी तिचे जे करार होते, त्यांत एक प्रकार असा होता की विकलेल्या प्रत्येक संगणकामागे मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचे, मग त्यात तिची सिस्टीम घातलेली असो वा नसो. दुसऱ्याची सिस्टीम घातली तर ग्राहकावर दोन्हींचा बोजा. १९९० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी सुरू केली. १९९३ मध्ये आयुक्तांची मतं दोन विरुद्ध दोन अशी पडली आणि प्रकरण न्याय खात्याने हाती घेतलं. जुलै १९९४ मध्ये तडजोड झाली. असे करार बंद झाले. शिवाय एक अट आली की विंडोजच्या परवान्याला दुसरं उत्पादन बांधायचं नाही, मात्र 'एकात्मिक' उत्पादन विकसित करायला हरकत नाही. पुढचं सगळं भांडण त्या एका शब्दावर झालं.

त्याच वर्षी, १९९४ मध्ये, नेटस्केप कंपनी निघाली होती. तिचा नॅव्हिगेटर हा ब्राउझर बघता बघता पसरला. आता ब्राउझर म्हणजे साधा प्रोग्रॅम, त्याची मायक्रोसॉफ्टला भीती का वाटावी? कारण ब्राउझर विंडोजवर चालतो, मॅकवर चालतो, युनिक्सवरही चालतो. उद्या प्रोग्रॅम लिहिणारे विंडोजसाठी न लिहिता थेट ब्राउझरसाठी लिहू लागले, सन कंपनीची जावा भाषा वापरू लागले, तर खालची सिस्टीम कुणाची आहे याला महत्त्वच उरणार नाही. अडथळ्याची भिंत तशीच राहील, पण लोक तिला वळसा घालून जातील. गेट्स यांना हे फार लवकर दिसलं. २६ मे १९९५ रोजी त्यांनी वरिष्ठ सहकाऱ्यांना एक लांबलचक टिपण पाठवलं. इंटरनेट ही भरतीची लाट आहे आणि नेटस्केप हा या क्षेत्रात जन्मलेला नवा स्पर्धक आहे, अशी त्याची मांडणी होती. दूरदृष्टीचा दस्तऐवज म्हणून तो उत्तमच आहे. खटल्यात मात्र तोच त्यांच्या विरुद्ध उभा राहिला.

पुढे काय झालं? मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट वाटला आणि विंडोजशी जोडला. इथवर कुणी म्हणेल की ही स्पर्धाच आहे. पण उदाहरण घ्या कॉम्पॅकचं. त्या वेळी वैयक्तिक संगणक विकणारी ती अग्रेसर कंपनी. तिने काही संगणकांवरचं एक्स्प्लोररचं चिन्ह काढून नेटस्केपचं ठेवलं. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिला विंडोजचा परवाना रद्द करण्याची धमकी दिली. कॉम्पॅकने चिन्ह निमूटपणे परत आणलं. विंडोजशिवाय संगणक विकणार कुणाला? ह्यूलेट-पॅकार्डच्या अधिकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टला लिहिलं की, दुसरा पुरवठादार उपलब्ध असता तर आम्ही तुमची निवड केली नसती. ॲपलला मॅकसाठीचं ऑफिस बंद करण्याचा धाक होता. ऑगस्ट १९९७ मध्ये करार झाला. त्यात ऑफिस चालू राहिलं आणि एक्स्प्लोरर मॅकचा ठरलेला ब्राउझर झाला. एओएलला विंडोजच्या पडद्यावर जागा मिळाली, तीही एक्स्प्लोरर स्वीकारण्याच्या बदल्यात.

म्हणजे लढाई एका चिन्हाच्या जागेची होती. आम्ही आमच्या विभागात त्या निळ्या 'ई'वर टिचकी मारत होतो, तेव्हा ती जागा आमच्यासाठी कुणीतरी आधीच निवडून ठेवली होती.

१८ मे १९९८ रोजी न्याय खातं आणि २० राज्यांनी खटला दाखल केला. न्यायाधीश होते थॉमस पेनफिल्ड जॅक्सन. सरकारचे वकील डेव्हिड बॉइस. त्या ऑगस्टमध्ये गेट्स यांची साक्ष चित्रफितीवर घेतली गेली, आणि ती तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी पाहावी अशी आहे. अमुक ब्राउझरांबद्दल तुम्हाला काळजी वाटत होती का, असं विचारलं की ते 'काळजी' या शब्दाचा अर्थ विचारत. शब्दच्छल हा आमच्या धंद्यातलाही रोग आहे, पण न्यायालयात तो महागात पडतो. स्वतःच्या ईमेल पडद्यावर दिसत असताना माणूस शब्दांचे अर्थ विचारू लागला की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. न्यायाधीशांनाही हसू आवरत नव्हतं, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात.

तरी मायक्रोसॉफ्टची बाजू आपण प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. ती बाजू अशी. आम्ही किंमत वाढवली नाही, उलट ब्राउझर फुकट दिला. नेटस्केप इंटरनेटवरून कुणीही उतरवून घेऊ शकत होतं. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नव्या सोयी भरणं हे आमचं कामच आहे. आणि हा धंदा इतका वेगवान आहे की आजचा राजा उद्या रंक होतो. चारही मुद्दे वजनदार आहेत. शिवाय सत्तरच्या दशकानंतर अमेरिकन कायद्यावर रॉबर्ट बोर्क यांच्या विचाराचा पगडा होता. ग्राहकाचं हित हीच कसोटी आणि व्यवहारात ती बहुधा किमतीवर मोजायची, असा तो विचार. त्या कसोटीवर फुकट वस्तू कुठे बसवायची? आणि मौज म्हणजे, हेच बोर्क या प्रकरणात नेटस्केपच्या बाजूने उभे राहिले. मक्तेदार आपली जागा राखण्यासाठी इतरांना वगळतो आहे, तेव्हा कायदा लागू होतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

५ नोव्हेंबर १९९९ रोजी जॅक्सन यांनी वस्तुस्थितीचे निष्कर्ष जाहीर केले. ४१२ परिच्छेद. इंटेल धर्तीच्या संगणकांत विंडोजचा वाटा किमान ९५ टक्के आहे, असं त्यात नोंदलं आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो शेवटचा परिच्छेद. त्याचा आशय असा की, ग्राहकांच्या खऱ्या उपयोगाच्या काही नव्या गोष्टी केवळ मायक्रोसॉफ्टच्या हिताशी जुळत नाहीत म्हणून कधी घडतच नाहीत. बघा, न्यायाधीशाने इथे प्रागभावाची नोंद केली. कायद्याच्या भाषेत, पण तीच.

७ जून २००० रोजी त्यांनी हुकूम दिला की कंपनीचे दोन तुकडे करा. एक ऑपरेटिंग सिस्टीमची, दुसरी बाकीच्या प्रोग्रॅमांची. तो कधीच अमलात आला नाही. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. जॅक्सन यांनी खटला चालू असताना पत्रकारांशी खासगीत बोलून ठेवलं होतं, गेट्स यांना नेपोलियनच्या पंक्तीला बसवलं होतं. त्यामुळे पुढच्या कामातून त्यांना दूर केलं. विभाजनाचा हुकूमही रद्द केला. पण मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा मुख्य दोष कायम ठेवला.

आता इथे जरा थांबू, कारण सगळं सार इथे आहे. मायक्रोसॉफ्टने विचारलं होतं की, आम्ही हे केलं नसतं तर नेटस्केपने आणि जावाने विंडोजची जागा घेतली असती, हे सिद्ध कुठे झालंय? न्यायालयाने उत्तर दिलं ते असं. जे जग घडलंच नाही ते कुणालाच खात्रीने उभं करून दाखवता येणार नाही. तसा पुरावा मागितला तर मक्तेदारांना धडाच मिळेल की स्पर्धकाला जितकं लवकर गाठाल तितकं बरं. अंकुर खुडला की त्याचा वृक्ष झाला असता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपोआप दुसऱ्यावर पडते! म्हणून अनिश्चिततेचा भार ज्याने ती निर्माण केली त्यानेच सोसावा. दोष ठरवायला एवढं पुरे.

पण शिक्षेची वेळ आली तेव्हा त्याच न्यायालयाने वेगळा सूर लावला. कंपनी तोडण्याइतका जबर उपाय करायचा तर, मक्तेदारी या कृत्यांमुळेच टिकली याचा अधिक स्पष्ट संबंध दिसला पाहिजे. म्हणजे तोच अभाव दोष ठरवायला पुरेसा, पण मोठी शिक्षा द्यायला अपुरा. कुणाला हा दुटप्पीपणा वाटेल. आम्हाला वाटत नाही. जे घडलं नाही त्याच्या नावाने घडलेलं किती मोडायचं, याला मर्यादा हवीच. मात्र त्या मर्यादेची किंमत कुणी मोजली, तेही पाहू.

नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारशी तडजोड झाली, आणि वर्षभराने न्यायाधीश कॉलीन कोलर-कॉटेली यांनी ती बहुतांशी मान्य केली. चिन्हं लपवायची मुभा, सर्व उत्पादकांना समान अटी, तांत्रिक माहिती खुली करणं, देखरेखीला तज्ज्ञांची समिती. ही देखरेख मे २०११ मध्ये संपली. तोवर नेटस्केपचं काय झालं होतं? खटला ऐन रंगात असतानाच, नोव्हेंबर १९९८ मध्ये, ती एओएलने घेतल्याचं जाहीर झालं. न्याय मिळाला तेव्हा फिर्यादीची जागा रिकामी होती. हा झाला प्रध्वंसाभाव. नेटस्केपने आपला कोड १९९८ मध्येच सर्वांना खुला केला होता, आणि त्यातूनच पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिला, एवढाच दिलासा.

आणि मघाचा प्रश्न, फुकट वस्तूत कुणाचं काय बिघडतं? दोन तारखा सांगतो. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली ऑगस्ट २००१ मध्ये. सातवी आली ऑक्टोबर २००६ मध्ये. लढाई चालू होती तेव्हा वर्षाला नवी आवृत्ती निघत होती, जिंकल्यावर पाच वर्षं शांतता. त्या पाच वर्षांचे पैसे कुणी मागितले नाहीत, पण किंमत आपण भरली. मराठीपुरतं सांगायचं तर, त्या काळात अनेक मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं अशा फॉन्टवर उभी होती जे एक्स्प्लोररमध्ये नीट दिसत, दुसऱ्या ब्राउझरमध्ये अक्षरांच्या जागी कचरा. दोष एकट्या कंपनीचा नाही, युनिकोड उशिरा स्वीकारण्याचा आपलाही आहे. पण सगळ्यांकडे एकच खिडकी असली की घर बांधणारा तिच्याच मापाने बांधतो.

युरोपात काय झालं ते थोडक्यात. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअरशिवाय विंडोज विकायला लावली. ती त्याच किमतीला आली आणि जवळपास कुणीच घेतली नाही. पडद्यावरून वस्तू काढून घेतल्याने निवड आपोआप मिळत नाही, हा त्यातला धडा. मग २००९ मध्ये वापरणाऱ्याला ब्राउझरांची यादी दाखवायचं कंपनीने कबूल केलं. सुमारे १४ महिने ती यादी काही संगणकांवर दिसलीच नाही, म्हणून मार्च २०१३ मध्ये आणखी ५६ कोटी १० लाखांचा दंड. कंपनीने ती तांत्रिक चूक असल्याचं सांगितलं.

मग या खटल्याने साधलं काय? पुष्कळांचं म्हणणं असं की, मायक्रोसॉफ्टवर पहारा होता म्हणूनच १९९८ मध्ये निघालेल्या गूगलला तिच्या ब्राउझरमधून वाट मिळाली. इतर म्हणतात, गूगल तशीही वाढली असती. दोन्ही पक्ष पुन्हा न घडलेल्या जगाबद्दल बोलताहेत, त्यामुळे हा वाद मिटायचा नाही. पण एक गोष्ट पक्की आहे. निकालाची चौकट टिकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. वाद ओळखीचाच, फोनवर आधीच घातलेल्या ॲपचा, म्हणजे पुन्हा चिन्हाच्या जागेचा. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेत गूगलला दोषी ठरवलं ते २००१ च्या त्याच निकालाचा आधार घेऊन. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकायला लावायचं मात्र त्यांनी नाकारलं. दोष मान्य, तोडणं अमान्य! त्या खटल्यात ठरलेल्या निवडीची सवय मोडणं किती अवघड असतं, अशी साक्ष द्यायला कोण आलं होतं? मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला.

तेव्हा त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. फुकट वस्तूत जे बिघडतं ते बिलावर येत नाही. ते जे मडकं घडलंच नाही त्यात असतं. न्यायालयं ते अंधुकपणे पाहू शकतात, उशिरा पाहतात, आणि पाहिल्यावरही हात आखडता घेतात. म्हणून पहारा सगळा त्यांच्यावर टाकून चालायचं नाही. आज घरी गेल्यावर आपला फोन हातात घ्या आणि पहिल्या पडद्यावरच्या चिन्हांकडे एकदा बघा. त्यातली किती आपण ठेवली आणि किती आधीपासून होती, ते मोजा. शक्य झालं तर एक बदला.

पुढच्या वेळी आपण टेलिफोनकडे वळू, एटी अँड टीचं विभाजन आणि १९८४ साल.